तू मारलेला एकुलता एक मासा

सुधाताई,

काल तुझा तेरावा झाला. भावोजींनी पोथी समोर ठेवून स्वतःच सगळे मंत्र म्हटले, अडखळत म्हटले, आणि इथल्या मराठी मंडळातल्या आम्ही पाच-सहा जणींनी मिळून स्वयंपाक केला. जेवणं झाल्यावर प्रत्येकीने तुझ्याबद्दल काहीतरी सांगितलं. कुणी तुझ्या पुरणपोळीबद्दल, कुणी गणपतीत तू बसवलेल्या आरत्यांबद्दल. नवीन आलेल्या प्रत्येक मुलीच्या घरी पहिल्या आठवड्यात मऊ भाताचा डबा घेऊन तू कशी हजर व्हायचीस, हे तर तिघींनी सांगितलं. सगळं खरं होतं. पण कमरेपर्यंतचे रबरी बूट चढवून, गुडघाभर पाण्यात, दोऱ्याची गाठ ओली करायला दातात धरून उभ्या असलेल्या तुला त्यांच्यापैकी कुणीच पाहिलं नव्हतं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "आम्ही दोघी खूप फिरायला जायचो." तू सगळ्यांना तेच सांगायचीस ना, मग मीही तेच सांगितलं.

तुला मात्र आज खरं सांगायचं आहे. त्या माशाबद्दल. दीड वर्ष झालं, रोज सांगेन सांगेन म्हणत राहिले आणि शेवटी तू गेलीस.

पण आधी थोडं मागे जाऊ दे. एकदम तिथे जायचा धीर होत नाही.

२००३ च्या जानेवारीत मी नवऱ्यामागे हॉलंडात, नायमेखनला आले. निखिल सकाळी सायकल काढून चिपच्या कंपनीत जायचा आणि मी खिडकीत बसून समोरच्या ओल्या विटा मोजायचे. गेमेंटेमध्ये, म्हणजे पालिकेत, नाव नोंदवलं, हाउसआर्ट्सकडे, म्हणजे घरच्या डॉक्टरकडे, नाव नोंदवलं, मग नोंदवायला काही उरलं नाही. वेंगुर्ल्याच्या घरात पाच माणसं एका वेळी बोलायची, आणि इथे फ्रिजचा आवाज आला तरी बरं वाटायचं. तू तुझा मऊ भात घेऊन आलीस तेव्हा मी तुला "अहो काकू" म्हटलं, तर डोळे वटारलेस. "ताई म्हण. आणि अहो-बिहो नको, मला माझी पन्नाशी आठवते." पुढच्या तीन महिन्यांत मी तुझ्या स्वयंपाकघरात इतके वेळा रडले की तूच एक दिवस वैतागलीस. "वैजू, रडायचं तर उघड्यावर रड. शनिवारी पहाटे तयार राहा. जुने कपडे घाल आणि कुणाला बोलू नकोस."

मला वाटलं देवदर्शन असेल.

दीड तास गाडी चालवून तू मला लिम्बुर्गच्या टेकड्यांमध्ये नेलंस. हॉलंड सपाट आहे म्हणणारे लोक तिथे गेलेले नसतात. गावाचं नाव तू कधी कुणाला सांगितलं नाहीस, म्हणून मीही इथे लिहीत नाही. एक गल्ली, मग गाईंचं कुरण, मग काटेरी तारेतून वाकून जायचं, आणि तिथे तो ओढा. एवढासा. आमच्याकडे पावसाळ्यात घरामागून जातो त्याहून जरा मोठा. मी म्हटलं, "यात मासे?" तू बोट ओठावर ठेवलंस आणि सांगितलंस की खाली बस, सावली पाण्यावर पडू देऊ नकोस, मासा नेहमी प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो म्हणून आपण मागून यायचं. सदाशिवराव आणि मालतीबाईंची लेक, जिच्या शाकाहारी माहेरी अंड्याचं नाव निघालं तरी ओटा दोनदा पुसायचे, ती तू ओढ्याच्या काठी कोपरांवर सरपटत होतीस. मला हसू दाबता येईना.

मग तू काठी हलवलीस. पिसांची, दोऱ्याने बांधलेली खोटी माशी, तांदळाच्या दाण्याएवढी, वळणावरच्या झाडाच्या मुळाशी जाऊन पडली. पाण्यावर एक छोटा गोल उठला. काठी वाकली. तू आधी दोन्ही हात पाण्यात बुडवून ओले केलेस, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचं बुळबुळीत आवरण निघतं आणि मग त्याला रोग होतो, आणि त्या ओल्या हातांत मासा धरून मला दाखवलास. वीतभर. पिवळट अंग, त्यावर लाल ठिपके, प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडं. मी आयुष्यभर मासे पाहिलेत, पण इतका नटलेला मासा पाहिला नव्हता. आणि तू गळ काढलास, त्याचं तोंड प्रवाहाकडे करून क्षणभर धरलंस, "जा बाई," म्हणालीस आणि सोडून दिलंस.

"अगो ताई, सोडलंस?" मी किंचाळले. दोन गाई वळून पाहायला लागल्या.

"वाइल्ड आहे गं ती. कुणी आणून सोडलेली नाही, इथेच जन्मलेली. मासे पकडणाऱ्यांच्या क्लबचा नियम आहे, धरला की सोडायचा. आणि माझाही."

तिथे आपलं भांडण सुरू झालं, ते अजून संपलेलं नाही. बाबा खाडीवर गरवायला जायचे, गरीला मासा लागला की तो घरी यायचा आणि आई तव्यावर टाकायची. खायचं नसेल तर पाण्यात दोरी टाकायची नाही. पोटासाठी जीव घ्यावा लागतो हे मला लहानपणापासून पटलेलं होतं. गंमत म्हणून जिवाच्या ओठात काटा घालायचा आणि वर त्याला "जा बाई" म्हणायचं, हे मला काही केल्या पटेना. तू म्हणालीस, "तू गाणं ऐकतेस ते पोट भरायला?" मी म्हटलं, "गाण्याच्या ओठात गळ नसतो." तू म्हणालीस गळाचा उलटा काटा मी पकडीने दाबलेला असतो, लगेच सुटतो. मी म्हटलं, "मग न पकडता नुसतं पाहत का नाही बसत?" त्यावर तू जेवणाचा डबा बाहेर काढलास. डबा उघडायच्या आधी तीनदा साबणाने हात धुतलेस, थालीपीठ माझ्या हातावर ठेवलंस, आणि म्हणालीस, "अगं, नुसतं पाहिलं तर ती माझ्याकडे कुठे बघते?"

हे उत्तर मला तेव्हा वेडेपणाचं वाटलं होतं.

तरी मी येत राहिले, तुझी पाहुणी म्हणून. दोन मोसम आपण गेलो. एक एप्रिलला मोसम उघडायचा, सप्टेंबरच्या शेवटी बंद व्हायचा. कधी दिवसभर एकही मासा नाही. तू वळणावर, मी जरा खाली, मधे फक्त पाण्याचा आवाज. तू मला गाठ शिकवलीस, काठी घड्याळातल्या दहा आणि एकच्या मधे थांबवायला शिकवलंस, आणि झाडात अडकलेल्या माशीसाठी शिव्या न देता पाण्यातून कसं चालायचं ते शिकवलंस. शेवटचं मला जमलं नाही. हेन्क, तो निवृत्त पोस्टमन, क्लबचा सेक्रेटरी, कधीतरी काठावर उगवायचा, तुझा परवाना न बघताच हवामानाबद्दल तासभर बोलायचा. संध्याकाळी तुझं जाकीट आणि बूट मागच्या शेडमध्ये टांगलेले असायचे, घरात आणायचे नाहीत, आणि दिवा लावायच्या आत तू डोक्यावरून आंघोळ करायचीस. मी चिडवायचे, "ताकाला जाऊन भांडं लपवतेस." तू म्हणायचीस, "देवाला माहीत आहे गं. मंडळाला माहीत नाही, एवढंच."

त्या ओढ्यावर माझं रडणं थांबलं, ताई. कधी थांबलं ते कळलंही नाही. एक दिवस घरी परतताना लक्षात आलं की मी सकाळपासून वेंगुर्ल्याचा विचारही केलेला नाही, आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही. हे मी तुला सांगितलं होतं का? नसेन सांगितलं. भांडायला मला वेळ असायचा, आभार मानायला नसायचा.

आणि आता तो दिवस.

गेल्या वर्षीचा जून. मला पाचवा महिना लागला होता. उलट्या थांबल्या होत्या आणि डोहाळे सुरू झाले होते, आणि मालवणी मुलीला डोहाळे कशाचे लागणार? निखिलने सुपरमार्केटमधून चौकोनी, गोरेपान, बिनकाट्याचे तुकडे आणले. मी नाही म्हटलं. शनिवारच्या बाजारातून डोक्यासकट बांगडा आणला. तोही नको. मला बाबांनी आणलेला मासा हवा होता, ज्याचं शेपूट पिशवीत अजून हलतंय असा. ते काही कुणी कुठून आणणार नव्हतं.

तू मला पाण्यात उतरू दिलं नव्हतंस. काठावर घडीच्या खुर्चीत बसवलं होतंस. तुला त्या दिवशी लागलेला मासा त्या दोन वर्षांतला सगळ्यात मोठा होता, हातभर नाही पण बराच. तू ओल्या हातांत धरून दाखवलास आणि मी, नेहमीसारखी भांडणाच्या सुरात, हसत म्हटलं, "बघ ताई, मला याचेच डोहाळे लागलेत आणि तू त्याला 'जा बाई' करणार."

तू त्याला प्रवाहात धरलंस. धरूनच राहिलीस. मला वाटलं त्याला दम यायची वाट बघतेस. मग तू काठावर चढलीस, मासा गवतावर ठेवलास आणि एक दगड उचललास.

"ताई, नको. मी गंमत केली."

"डोहाळे मोडू नयेत गं. मूल लाळ गाळतं," तू म्हणालीस. तुझा आवाज अगदी साधा होता, जणू मीठ कमी पडलंय म्हणून सांगतेस. पहिला घाव नीट बसला नाही. दुसऱ्यांदा मारावा लागला. बाबांनी ते एका बोटाने, माशाची मान मागे वाकवून केलं असतं, मलाही येत होतं, मी उठून तुझ्या हातून तो घ्यायला हवा होता. मी खुर्चीतून उठलेच नाही. तू डब्यातली थालीपीठं रुमालात काढून ठेवलीस आणि त्या डब्यात, तुझ्या चाळीस वर्षं कांद्या-लसणापलीकडे काही न पाहिलेल्या डब्यात, मासा ठेवलास. हात धुवायला ओढ्यापाशी बसलीस ती खूप वेळ तिथेच बसलीस. परतीच्या वाटेवर आपण भांडलो नाही. माझ्या दारात डबा माझ्या हातात देऊन म्हणालीस, "डबा राहू दे तुझ्याकडे. आजच कर, शिळा नको करू."

मी ओट्यावर डबा उघडला. सात वर्षांची असल्यापासून मी मासे साफ करते आहे, ताई. विळीवर बसून, गप्पा मारत. पण त्या माशाच्या डोक्यावर दगडाची खूण होती, आणि डब्याला थालीपिठाचा वास होता, आणि मला तुझे हात दिसत होते. मी सिंकवर ओणवी झाले. नंतर मी दोनदा सुरी हातात घेतली. मग मासा वर्तमानपत्रात गुंडाळला आणि निखिल यायच्या आत मागच्या कचऱ्याच्या हिरव्या डब्यात, कापलेल्या गवताखाली, टाकून दिला.

रात्री आठला तुझा फोन आला. "केलास का गं?"

"केला ताई. काय सांगू! अगदी घरच्यासारखा."

"काटे नीट काढलेस ना?"

"काढले."

हे तुला सांगायचं राहिलं होतं. तो मासा मी खाल्ला नाही. खाण्यासाठीच मासा धरावा म्हणून तुझ्याशी दोन वर्षं भांडणारी मी, आणि तू उभ्या आयुष्यात मारलेला एकुलता एक मासा मी कचऱ्यात टाकला.

सांगायच्या संधी का आल्या नाहीत? ढीगभर आल्या. रेवा झाली, तू तिला पहिलं न्हाऊ घातलंस. सहाव्या महिन्यात तिची लाळ अशी गळायला लागली की दिवसाला सात लाळेरी बदलावी लागायची. तू तिला मांडीवर घेऊन तिच्या हनुवटीकडे बघत राहिलीस. "कशी गं गळते हिची? आपण तर काही मोडलं नव्हतं." मी म्हटलं, "दात येतायत ताई." तू मान हलवलीस, पण तुझं समाधान झालं नव्हतं, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडून उभी राहिले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही.

एप्रिल आला तेव्हा मी विचारलं, रेवाला निखिलकडे ठेवते, जाऊ या का? तू म्हणालीस, "गुडघे गं. आता थंड पाण्यात उभं राहवत नाही." मी मान्य केलं. तू जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढायचीस हे रोज बघून मी मान्य केलं! मग उन्हाळ्यात तुझं पोट दुखायला लागलं, हाउसआर्ट्सने आधी पॅरासिटामॉल घ्यायला सांगितलं, आणि पुढचं सगळं फार झटपट झालं.

इस्पितळातली ती दुपार. भावोजी कॉफी आणायला गेले होते. तू डोळे मिटून पडली होतीस, मला वाटलं झोपलीस. मग म्हणालीस, "वैजू, तो मासा कसा लागला होता गं? मी कधीच काही खाल्लं नाही त्यातलं. सांग ना."

तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मी तुझ्या वाळलेल्या हातावर हात ठेवला आणि सांगायला लागले. ओल्या नारळाचं वाटण कसं बारीक केलं, तिरफळं ठेचून घातली, दोन आमसुलं, वरून कच्चं खोबरेल. मांस कसं बोटाने सुटत होतं, डोक्यातला गर मी कसा शेवटी ठेवला. सगळी आईची कढी होती, सगळा बाबांचा मासा होता. खोटं बोलताना माझा आवाज जराही हलला नाही, उलट मला भूक लागली. तू ऐकत होतीस. कपाळावरच्या आठ्या गेल्या. "बरं झालं," म्हणालीस. "वाया नाही गेला."

चार दिवसांनी तू गेलीस.

आणि हे इथेच संपलं असतं तर मी कदाचित तुझ्यासाठी गोड बोलल्याचं समाधानही करून घेतलं असतं. पण तुला निरोप द्यायला हेन्क आला होता. इथल्या रिवाजाप्रमाणे दहनानंतर कॉफी आणि केकचा एकेक तुकडा होता. मंडळाच्या साड्यांच्या घोळक्यात तो हिरव्या कोटात कोपऱ्यात उभा होता, म्हणून मी त्याच्याजवळ गेले. तो म्हणाला, "तिने गेल्या वर्षी आम्हाला पत्र लिहिलं, ते तुम्हाला ठाऊक असेल."

मला ठाऊक नव्हतं. तू त्याच आठवड्यात क्लबला पत्र लिहून कळवलं होतंस, की मी एक मासा मारला, नियम मोडला, परवाना परत करते आहे. त्यांनी उलट लिहिलं की एका माशाने काही होत नाही. हेन्क स्वतः गाडी घेऊन नायमेखनला तुझ्या घरी येऊन गेला. तू त्याला चहा दिलास आणि सांगितलंस की आमच्यात गरोदर बाईला काही खावंसं वाटलं तर ते द्यायचंच असतं, त्याचा पश्चात्ताप नाही. पण आता त्या पाण्यात हात घालवत नाही.

गुडघे म्हणे!

"ती बाई तुम्हीच का?" हेन्कने विचारलं. मी मान हलवली. "मग, चांगला लागला?" इथली माणसं अशीच, सरळ विचारतात.

आणि ताई, जे तुला दीड वर्षात सांगता आलं नाही ते मी त्या पोस्टमनला माझ्या मोडक्या डचमध्ये अर्ध्या मिनिटात सांगितलं. खाल्ला नाही, टाकला. तिला खोटं सांगितलं. त्याने कप खाली ठेवला. "यामर," म्हणाला. आपल्या "अरेरे"सारखाच शब्द, फक्त कोरडा. "त्या माशासाठी. आणि तिच्यासाठीही." त्याने माझी समजूत घातली नाही. तुमच्या मनात तसं नव्हतं, ती शांतपणे गेली, असलं काही म्हणाला नाही, आणि त्याबद्दल मला त्याचे पाय धरावेसे वाटले. कोट चढवताना तो म्हणाला, क्लबमधली तिची जागा आम्ही अजून कुणाला दिलेली नाही, एप्रिलमध्ये तुम्ही या.

मी त्याला हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. मला जायचं आहे, ताई, मला त्या पाण्यात इतकं जायचं आहे की काल तेराव्याच्या पंगतीत वाढतानासुद्धा मी तेच वळण बघत होते. पण ती जागा तुझी, आणि तुला विचारल्याशिवाय कशी घेऊ? तुला विचारायचं तर आधी खरं सांगायला हवं. म्हणून हे लिहिलं. तो मासा वाया गेला. तुझा ओढाही त्याच्यापायी गेला. मी तुझ्या उशाशी बसून तुला कढीच्या थापा मारत होते आणि तू सुखाने ऐकत होतीस.

आता सगळं सांगून झालं. तू कधी कुठल्या भांडणात मागे हटली नाहीस, आजही गप्प बसू नकोस. रागाव, ताई. मी इथेच बसले आहे.